रुग्णालय शिकते तेव्हा...

१९५२ सालचा ऑगस्ट महिना. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पोलिओच्या भीषण साथीत सापडली होती. शहरातल्या ब्लेगडॅम या साथरोग रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते. साथ ऐन भरात असताना हा आकडा दिवसाला पन्नासपर्यंत गेला. त्यांतल्या अनेकांचे हातपाय लुळे पडले होतेच, शिवाय श्वास घेण्याचे आणि गिळण्याचे स्नायूही निकामी झाले होते. अशा रुग्णांसाठी रुग्णालयाकडे एक ‘लोखंडी फुप्फुस’ आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे एवढीच सामग्री होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडू लागलेल्या ३१ रुग्णांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यांतले २७ दगावले.

पुढच्या काही महिन्यांत त्याच इमारतीत, त्याच डॉक्टर-परिचारिकांच्या हाताखाली, अशाच रुग्णांमधले मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. पोलिओवर औषध सापडले नव्हते. जोनास साल्क यांची लस वापरात यायला आणखी तीन वर्षे होती. कुठून नवी महागडी यंत्रेही आली नव्हती. बदलली होती ती रुग्णालयाची काम करण्याची पद्धत. संकटाच्या ऐन मध्यावर एखादी संस्था स्वतःला कशी बदलते आणि त्यातून काय शिकते, याचे वैद्यकाच्या इतिहासातले हे एक ठळक उदाहरण आहे. कोविडच्या साथीनंतर त्याकडे पुन्हा पाहणे उपयोगाचे ठरेल.

चुकीचा अंदाज

लोखंडी फुप्फुस म्हणजे एक मोठी हवाबंद पेटी. रुग्णाचे डोके बाहेर आणि मानेखालचे शरीर पेटीत. पेटीतला हवेचा दाब कमी केला की छाती फुगते आणि हवा आत जाते. दाब पूर्ववत केला की हवा बाहेर येते. छातीचे स्नायू दुबळे, पण घसा शाबूत असलेल्या रुग्णाला ही पेटी तारून नेई. कोपनहेगनमध्ये मात्र घसाच लुळा पडलेले रुग्ण मोठ्या संख्येने येत होते. त्यांना लाळ गिळता येत नव्हती, खोकून कफ काढता येत नव्हता. पेटी छाती फुगवत असताना घशात साठलेले स्राव थेट फुप्फुसात उतरत आणि हवेची वाट अडवत.

दुसरी चूक तपासणीच्या अहवालाचा अर्थ लावण्यात होत होती. या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण खूप वाढलेले आढळे. ते प्रामुख्याने बायकार्बोनेट या क्षाराच्या रूपात मोजले जाई. त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा डॉक्टरांचा समज झाला. रुग्णाला ताप येई, घाम फुटे, रक्तदाब चढे आणि तो बेशुद्धीकडे जाई. ही सगळी लक्षणे विषाणूने मेंदूवर केलेल्या हल्ल्याची आहेत, असे मानले गेले. रुग्णाला ऑक्सिजन दिलेला असल्याने त्याचा रंगही फारसा निळा पडत नसे. त्यामुळे श्वास अपुरा पडतो आहे, ही शंका मागेच राहिली.

हे डॉक्टर अडाणी नव्हते. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री लासेन साथरोगांचे नामवंत तज्ज्ञ होते आणि ते जगभर मान्य असलेलीच पद्धत वापरत होते. संस्था अडचणीत येते ती बहुधा अशीच. कालपर्यंत बरोबर ठरलेली पद्धत आज लागू पडत नाही, पण ती इतकी अंगवळणी पडलेली असते की दोष पद्धतीत आहे हे दिसत नाही. आपण कमी पडतो आहोत, यंत्रे कमी आहेत, रोगच जबर आहे, असे वाटत राहते.

बाहेरच्या माणसाला बोलावणे

लासेन यांच्या हाताखालचे एक सहकारी डॉ. मोगेन्स ब्यर्नेबो यांनी काही काळापूर्वी धनुर्वात झालेल्या एका नवजात बाळावर उपचार करताना ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाची मदत घेतली होती. इब्सेन अमेरिकेत बॉस्टनला शिकून आले होते. त्यांना बोलवावे, असे ब्यर्नेबो यांनी सुचवले.

आज यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळी भूलतज्ज्ञाची जागा शस्त्रक्रियागृहात, सर्जनच्या शेजारी असे. साथरोगाच्या वॉर्डात त्याचे काम काय, असाच प्रश्न कुणालाही पडला असता. शिवाय सूचना करणारा पदाने कनिष्ठ होता. लासेन यांना सुरुवातीला शंका होती, तरी त्यांनी परवानगी दिली. २५ ऑगस्टला बैठक झाली. इब्सेन यांनी दगावलेल्या रुग्णांचे शवविच्छेदन पाहिले, नोंदी वाचल्या आणि वेगळाच निष्कर्ष मांडला. त्यांच्या मते हे रुग्ण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता न आल्यामुळे दगावत होते, म्हणजे रक्त अल्कधर्मी नसून आम्लधर्मी होत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रबरी पिशवी दाबून रुग्णाच्या फुप्फुसात हवा भरतो, तसेच इथे करावे, असे त्यांनी सुचवले.

दोन दिवसांनी, २७ ऑगस्टला, बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग झाला. तिचे चारही हातपाय लुळे होते, एक फुप्फुस मिटले होते, ताप चढला होता, ती निळी पडली होती. गळ्यापाशी श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली. सुरुवातीला काहीच जमेना. मुलगी गुदमरत होती, धडपडत होती आणि तिच्या धडपडीमुळे हवा आत जात नव्हती. जमलेल्या डॉक्टरांपैकी काही जण निराश होऊन निघूनही गेले. शेवटी इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले. तिची धडपड थांबली, तिचा स्वतःचा श्वासही थांबला आणि मग पिशवीने तिची फुप्फुसे नीट फुगवता येऊ लागली. स्राव ओढून काढले गेले, रंग परतला, रक्तदाब उतरला.

यानंतर तिला पुन्हा छातीवरच्या यंत्राकडे सोपवून पाहिले. कार्बन डायऑक्साइड वाढला. पुन्हा पिशवीवर घेतले, तो उतरला. इब्सेन यांचा निष्कर्ष सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तपासला गेला. ती मुलगी वाचली आणि लासेन यांनी पुढच्या रुग्णांसाठी पद्धत बदलली.

हात कुठून आणायचे?

एका मुलीला वाचवणे एक आणि शेकडो रुग्णांना वाचवणे दुसरे. पिशवी दाबायला माणूस लागतो आणि तो मिनिटभरही जागेवरून हलू शकत नाही. श्वास परत यायला कुणाला काही दिवस, कुणाला काही आठवडे, कुणाला महिने लागत. एकाच वेळी पिशवीवर असलेल्या रुग्णांची संख्या सत्तरपर्यंत गेली. एवढे डॉक्टर संपूर्ण शहरात मोकळे मिळणे शक्य नव्हते.

तेव्हा वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. साथीच्या काळात सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी सहा ते आठ तासांच्या पाळ्यांनी, रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसून पिशवी दाबली. त्यांच्या कामाचे एकूण तास सुमारे १ लाख ६५ हजार भरले. मिनिटाला किती वेळा दाबायचे, किती जोर लावायचा, कफ साठला की पिशवी हाताला कशी जड लागते, हे ते रुग्णाजवळ बसूनच शिकले. रुग्णाला बोलता येत नसे. त्याच्या डोळ्यांवरून, ओठांच्या हालचालीवरून ‘जास्त हवा हवी’ की ‘पुरे’ हे ओळखावे लागे. विशीतल्या या मुलामुलींनी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, खेळ खेळवले आणि काही वेळा पिशवी हातात असतानाच त्यांचा मृत्यूही पाहिला.

बाकीच्या कामाचीही नव्याने वाटणी झाली. श्वासनलिकेला छेद द्यायला कान-नाक-घसा तज्ज्ञ, नळी आणि हवेची व्यवस्था पाहायला भूलतज्ज्ञ, कुशीवर वळवून कफ काढायला परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट, अशी पथके तयार झाली. श्वास अडखळण्याची शक्यता असलेले रुग्ण आधीच ओळखून वेगळे ठेवले जाऊ लागले.

प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ॲस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता थेट मोजण्याची सोय केली. तिच्या आधारे कार्बन डायऑक्साइडचा दाब गणिताने काढता येऊ लागला. पिशवी दाबणाऱ्याच्या कष्टाचा उपयोग होतो आहे की नाही, हे आता अंदाजावर राहिले नाही. आज अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन जी ‘एबीजी’ तपासणी होते, तिच्या आजच्या रूपाचे मूळ या धावपळीत आहे.

साथ ओसरली, विद्यार्थी वर्गात परतले. इथे गोष्ट संपली असती, तर ती फक्त एका शौर्यकथेपुरती उरली असती. पण शिकलेले वाया गेले नाही. श्वास धोक्यात असलेला कोणताही रुग्ण, मग आजार पोलिओचा असो, विषबाधेचा असो किंवा शस्त्रक्रियेनंतरचा, अशाच सतत देखरेखीने वाचू शकतो, हे इब्सेन यांनी ओळखले. डिसेंबर १९५३ मध्ये कोपनहेगनच्या म्युनिसिपल रुग्णालयात त्यांनी अशा सर्व रुग्णांसाठी एक स्वतंत्र खोली सुरू केली. जगातल्या पहिल्या अतिदक्षता विभागांत तिची गणना होते. हाताऐवजी यंत्राने हवा भरण्याचे प्रयत्नही जोरात सुरू झाले. स्वीडनमध्ये एंगस्ट्रॉम यांचे यंत्र १९५३ च्या स्टॉकहोमच्या साथीत कामी आले. आपल्याकडच्या प्रत्येक अपघात विभागात दिसणारी ‘अँबू बॅग’ही १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच तयार झाली.

सलाइन संपले तेव्हा

कोपनहेगनचे रुग्णालय संपन्न देशातले होते. ज्या ठिकाणी काहीच नाही, तिथेही संस्था शिकू शकते का? १९७१ साली पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावने याचे उत्तर दिले.

बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या छोट्या रुग्णालयात कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी दोन खोल्यांत मिळून १६ खाटा होत्या. रुग्ण जमिनीवर, मलमूत्राच्या थारोळ्यात पडलेले. कॉलऱ्यात काही तासांत शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. त्यावर शिरेतून सलाइन हा तेव्हाचा सर्वमान्य उपाय होता. कोलकात्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांचे पथक तेच देत होते. पण साठा संपत आला आणि शिरेत सुई लावायला येणारी माणसेही मोजकीच होती.

आतड्यात ग्लुकोज असेल तर त्याच्यासोबत सोडियम आणि पाणीही शोषले जाते, हे शास्त्रज्ञांना एव्हाना ठाऊक झाले होते. १९६८ मध्ये ढाक्यात रुग्णालयातल्या रुग्णांवर त्याचा यशस्वी प्रयोगही झाला होता. तरीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून देण्याचे ते द्रावण होते. छावणीच्या गर्दीत, अप्रशिक्षित माणसांच्या हाती ते सोपवावे, असे कुणी म्हणत नव्हते.

महालनबीस यांनी ते सोपवले. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे साधे प्रमाण ठरले. कोलकात्यात पुड्या भरल्या गेल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या गरम इस्त्रीने बंद केल्या गेल्या. छावणीत पाण्याच्या पिंपांत पुड्या मिसळायच्या, नळ सोडून पेले भरायचे आणि रुग्णाच्या आईने, भावाने, नवऱ्याने ते पाजत राहायचे, अशी रीत बसली. मिठा-साखरेच्या पाण्याने कॉलरा बरा होईल, यावर लोकांचा विश्वास बसणे अवघड होते. सलाइन म्हटले की मात्र खरा उपचार झाला असे वाटे. म्हणून या द्रावणाला ‘ओरल सलाइन’ म्हटले गेले.

पथकाच्या देखरेखीखालच्या तीन हजार सातशेच्या आसपास रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. त्याआधी ते ३० टक्क्यांच्या घरात होते. महालनबीस यांनी हे आकडे नोंदवून ठेवले होते, म्हणूनच ते १९७३ मध्ये प्रसिद्ध करता आले. नोंदी नसत्या, तर ‘वेळ आली म्हणून काहीतरी पाजले’ एवढीच त्याची आठवण राहिली असती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने अतिसारावरचा जागतिक कार्यक्रम या उपचारावर उभा केला. आपल्या अंगणवाडी ताई आणि आशा ताई घरोघर देतात ती जलसंजीवनीची पुडी याच कुळातली. महालनबीस यांचे ऑक्टोबर २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

कोपनहेगन आणि बनगाव यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी तज्ज्ञाच्या हातातले कौशल्य सोपे करून इतरांच्या हाती दिले गेले. तिथे विद्यार्थ्यांच्या, इथे नातेवाइकांच्या. साधनांचा तुटवडा असताना मोठी संस्था बहुधा अधिकार आवळून धरते आणि प्रत्येक गोष्टीला वरून मंजुरी लागू लागते. या दोन्ही ठिकाणी उलटे झाले. काम खाली सोपवले गेले आणि वर राहिली ती देखरेख व मोजणी.

धारावीत बदललेला बेत

हीच कसोटी २०२० मध्ये मुंबई महापालिकेला द्यावी लागली. धारावीत १ एप्रिलला कोविडचा पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-साडेआठ लाख लोकवस्तीचा अंदाज, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ माणसे, बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयांचा आधार. ‘घरीच विलग राहा, अंतर ठेवा, वारंवार हात धुवा’ हा जगभर दिला जाणारा सल्ला इथे कागदावरच राहणार होता.

पालिकेने आधी खासगी डॉक्टरांच्या मदतीने घरोघर तपासणी सुरू केली. पण एप्रिलच्या उकाड्यात, अरुंद गल्ल्यांतून, अंगात पीपीई किट घालून फिरणे डॉक्टरांना असह्य होऊ लागले. तेव्हा बेत बदलला. घरोघर जाण्याऐवजी वस्तीतच तापाची शिबिरे भरवली गेली, स्थानिक दवाखाने उघडे ठेवून तिथल्या डॉक्टरांना सोबत घेतले गेले. वस्तीतले लोक आधी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडेच जातात, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते. घरी विलगीकरण अशक्य म्हणून शाळा, मंगल कार्यालये आणि क्रीडा संकुले ताब्यात घेऊन तिथे राहण्या-जेवणाची सोय झाली. सार्वजनिक शौचालयांचे निर्जंतुकीकरण दिवसातून अनेकदा होऊ लागले. केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार धारावीतला रुग्णवाढीचा दर एप्रिलमधल्या १२ टक्क्यांवरून मे महिन्यात ४.३ आणि जूनमध्ये १.०२ टक्क्यांवर आला. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन दाखला दिला.

या यशाकडेही डोळसपणे पाहायला हवे. त्याच जुलैमध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. धारावी तिच्यात नव्हती. या प्रभागांतल्या झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. म्हणजे दाट वस्त्यांत विषाणू तपासणीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त पसरला होता. रुग्णवाढ मंदावण्यात पालिकेच्या प्रयत्नांचा वाटा किती आणि आधीच होऊन गेलेल्या संसर्गाचा किती, याची नेमकी विभागणी कठीण आहे. पण जमत नसलेला बेत काही आठवड्यांत सोडून दुसरा धरण्याची तयारी हे धारावीतले शिकण्यासारखे काम आहे आणि ते या वादावर अवलंबून नाही.

सोडून देणेही शिकावे लागते

नवे शिकण्यापेक्षा जुने सोडणे अवघड असते. कोविडकाळात याचे दोन परस्परविरोधी दाखले मिळाले.

ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ नावाची चाचणी सुरू झाली. रुग्णालये भरून वाहत होती. अशा वेळी संशोधनाला कुणाला फुरसत? म्हणून चाचणीची रचनाच सुटसुटीत ठेवली गेली. थोडी माहिती भरायची, चिठ्ठी टाकल्यासारखी उपचारांची विभागणी संगणक करणार आणि २८ दिवसांनी रुग्ण जिवंत आहे की नाही हे पाहायचे. देशभरातली १७५ हून अधिक रुग्णालये त्यात उतरली. जूनमध्येच दोन उत्तरे हाती आली. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचा दाखल रुग्णांना फायदा नाही. आणि डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले एक पंचमांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना मात्र त्याचा लाभ नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले.

भारतातही एक चांगले काम वेळेत झाले होते. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा नव्या रुग्णाला दिल्याने फायदा होतो का, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर तपासले. आजार गंभीर होणे किंवा मृत्यू, दोन्हींत फरक पडला नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही प्लाझ्मा देशाच्या उपचार सूचीतून वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. एप्रिलच्या त्या दिवसांत हजारो नातेवाईक समाजमाध्यमांवर, फोनवर, रक्तपेढ्यांच्या दारात प्लाझ्मासाठी विनवण्या करत होते. उत्तर आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर मिळालेले होते. ते चिठ्ठी लिहिणाऱ्या हातापर्यंत पोहोचले नव्हते.

याला केवळ डॉक्टरांचा हट्ट म्हणून चालणार नाही. समोर रुग्ण तडफडत असताना ‘आता काही करू नका’ असे सांगणे डॉक्टरला जड जाते आणि नातेवाइकांना ऐकणे त्याहून जड. उपचार न करणे म्हणजे प्रयत्न सोडणे, अशी आपली समजूत आहे. त्यामुळे निरुपयोगी ठरलेला उपचार थांबवायचा, तर तसे लेखी आणि स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी संस्थेने घ्यावी लागते. ती एकट्या डॉक्टरच्या खांद्यावर टाकली, तर चिठ्ठी लिहिली जातच राहते.

संकट नसतानाची शाळा

आग लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शिकण्याची सवयही संकट यायच्या आधीच लागावी लागते. आपल्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत त्याची एक चांगली रीत आधीपासून आहे. बाळंतपणात एखादी माता दगावली की त्या मृत्यूचे अन्वेषण होते. त्यात तीन विलंब तपासतात. दवाखान्यात न्यायचे हे ठरवायला घरी उशीर झाला का? वाहन, रस्ता यामुळे पोहोचायला उशीर झाला का? पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर झाला का? हे प्रश्न नीट विचारले, तर उत्तर रुग्णवाहिकेच्या डिझेलपासून रक्तसाठवणूक केंद्राच्या फ्रीजपर्यंत कुठेही सापडू शकते आणि पुढची माता वाचू शकते. पण बैठकीचा सूर ‘कुणाची चूक’ असा लागला, की नोंदी आधीच सारवासारव करून लिहिल्या जातात. मग फाइल पूर्ण होते आणि विलंब जिथल्या तिथे राहतो.

जागतिक आरोग्य संघटनाही साथी आणि आपत्तींनंतर असाच आढावा घेण्याचा आग्रह धरते. त्यातले प्रश्न अगदी साधे आहेत. काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? फरक का पडला? पुढच्या वेळी काय वेगळे करायचे? आढाव्याला वॉर्डबॉय, परिचारिका, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक हे सगळे बसले तरच त्याला अर्थ येतो, कारण अडचण आधी त्यांच्या हाताला लागते. कोपनहेगनमध्ये महत्त्वाची सूचना कनिष्ठ डॉक्टरकडून आली होती. ती प्रमुखांपर्यंत पोहोचायला अडथळा झाला असता, तर पिशवी शस्त्रक्रियागृहातच राहिली असती.

आढाव्यानंतरचे कामही तितकेच महत्त्वाचे आहे. संकटात शिकलेली माणसे बदलून जातात, निवृत्त होतात, कंत्राट संपले की घरी जातात. त्यांच्यासोबत त्यांचे ज्ञानही जाते. ते लिहून ठेवले, नव्या माणसाच्या प्रशिक्षणात घातले, वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम घेतली, तरच ते संस्थेचे होते. ऑक्सिजनची गळती कुठे तपासायची, मुख्य पुरवठा बंद पडला तर पहिल्या दहा मिनिटांत कुणी काय करायचे, कोणत्या रुग्णाला आधी हलवायचे, हे २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या असंख्य रुग्णालयांतल्या लोकांना तोंडपाठ होते. आज रात्रपाळीला आलेल्या नव्या परिचारिकेला ते माहीत आहे का, हे एकदा विचारून पाहायला हवे.

हे प्रश्न केवळ रुग्णालयांचे नाहीत. पुरानंतर गावाने, आगीनंतर गृहनिर्माण सोसायटीने, साथीनंतर शाळेने तासभर एकत्र बसून ते विचारावेत आणि उत्तरे एका वहीत लिहून ठेवावीत. वही कुठे ठेवली आहे, हेही सगळ्यांना माहीत असावे.